ढोल-ताशा पथकात सक्तीची सभासद वर्गणी: पथक न फुटता ती लागू करण्याची रीत

ढोल-ताशा पथकात सक्तीची वर्गणी आली की वाद बहुधा एकाच वाटेने जातो. सरावाच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲपच्या गटावर रक्कम जाहीर होते. जुने वादक म्हणतात की इतकी वर्षे टेम्पो भरले आणि उतरवले, तीच आमची वर्गणी होती. महाविद्यालयीन वादक काही न बोलता येणे थांबवतात. मग कोणीतरी विचारतो की गणेश मंडळांकडून मिळालेल्या सुपारीचे, म्हणजे ठरवून घेतलेल्या वादनाचे, पैसे कोठे गेले, आणि त्या क्षणी हिशेबाची वही कोणाच्याच हातात नसते. यानंतर रक्कम निम्मी केली तरी उपयोग होत नाही, कारण तोवर प्रश्न विश्वासाचा झालेला असतो.

कोणाही वादकाला मोबदला न देणाऱ्या आणि वादकांनीच चालवलेल्या पथकाला वर्गणी सक्तीची करायची असेल, तर ती कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे दिले आहे. क्रम महत्त्वाचा आहे. यातील बहुतेक पायऱ्या पथके करतातच, पण उलट्या क्रमाने करतात: आधी रक्कम, मग वसुली, मग सभा आणि सर्वांत शेवटी हिशेब.

तयारी: वेळ केव्हाची निवडावी

वर्गणीचा विषय सराव चालू असताना काढू नये. सरावाच्या काळात वादक थकलेले असतात, पदाधिकारी परवानग्यांच्या मागे असतात, आणि ‘पैसे भरा नाहीतर मिरवणुकीत नाही’ असे कोणी म्हटले नाही तरी ऐकणाऱ्याला ते तसेच ऐकू येते. योग्य काळ अनंत चतुर्दशीनंतर सुरू होतो आणि मार्चअखेर संपतो. २०२६ मध्ये अधिक मासामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला येते. म्हणजे ऑक्टोबरात हिशेब बंद करणे, दिवाळीनंतर याद्या करणे, जानेवारीत चर्चा, फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये सभा आणि १ एप्रिलपासून वर्गणी देय, असा आराखडा सहज बसतो. उत्सवाच्या तारखा दरवर्षी सरकतात, आर्थिक वर्ष सरकत नाही. त्यामुळे वर्गणीचे वर्ष आर्थिक वर्षाशीच बांधावे.

इशारा: या हंगामाचा सराव सुरू झालेला असेल आणि पैशांची निकड असेल, तर या वर्षापुरती ऐच्छिक मदत मागावी आणि सक्ती पुढच्या वर्षावर टाकावी. घाईने लादलेल्या वर्गणीतून जेवढे पैसे येतात, त्यापेक्षा तिच्यामुळे गेलेला एक चांगला ताशावादक अधिक महाग पडतो.

पायरी १: तीन याद्या वेगवेगळ्या करा

पहिले काम पैशांचे नाही, माणसांचे आहे. पथकाने तीन याद्या स्वतंत्र कागदांवर लिहून काढाव्यात: वाजवणारे कोण, मत देणारे कोण आणि पैसे देणारे कोण. बहुतेक ठिकाणी या तिन्ही याद्या एकच आहेत असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात नोंदणीच्या कागदावर सात ते अकरा संस्थापकांची नावे असतात आणि मैदानावर दीडशे वादक असतात. त्या दीडशे जणांना आपण पथकाचे सभासद आहोत असे वाटत असते, परंतु नोंदवहीत त्यांची नावे नसतात.

सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या संस्थेसाठी हा भेद निर्णायक आहे. त्या अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे, संस्थेच्या नियमांनुसार ज्याला प्रवेश दिला गेला आहे, ज्याने वर्गणी भरली आहे किंवा सभासदांच्या यादीवर सही केली आहे, आणि ज्याने राजीनामा दिलेला नाही, तो सभासद होय. म्हणजे कोणी क्यूआर कोडवर पैसे पाठवले एवढ्याने तो सभासद होत नाही. त्याला नियमाप्रमाणे प्रवेश मिळालेला असावा लागतो. याच कलमात असेही आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ थकलेली असेल, त्याला अधिनियमाखालील कामकाजात मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणनाही होत नाही.

म्हणून पथकापुढे दोनच सरळ मार्ग उरतात. दीडशे वादकांना रीतसर सभासद करून घ्यावे, त्यांच्याकडून ‘सभासद वर्गणी’ घ्यावी आणि त्यांना मत द्यावे; किंवा त्यांना सभासद न करता ‘सहभाग शुल्क’ घ्यावे आणि त्यात मताधिकार नाही हे अर्जावरच लिहावे. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, परंतु दुसरा मार्गही गैर नाही. गैर आहे ती मधली वाट, जिच्यात पावतीवर ‘सभासद वर्गणी’ असे छापलेले असते आणि सभेत मात्र ‘मत फक्त विश्वस्तांचे’ असे सांगितले जाते. फुटीची सुरुवात बहुतेक वेळा याच जागी होते.

अठरा वर्षांखालील वादकांची चौथी यादी करावी. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार कायद्याने तिच्यावर बंधनकारक नसतो, त्यामुळे अर्जावर पालकांची सही घ्यावी आणि वर्गणीचा विषय पालकांशीच बोलावा. शाळकरी मुलाला मैदानावर सर्वांसमोर ‘पैसे आणलेस का’ असे विचारण्याची वेळ कधीच येऊ नये.

तपासणी: कोणत्याही वादकाचे नाव घेतल्यावर तो वाजवतो का, मत देतो का आणि भरतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे याद्या पाहून लगेच देता आली पाहिजेत. एखाद्या नावापाशी पदाधिकाऱ्यांत मतभेद झाला, तर पुढच्या पायरीवर जाऊ नये.

पायरी २: सुपारीसह पूर्ण हिशेब मांडा

ही सर्वांत वेळ खाणारी पायरी आहे आणि पथके नेमकी हीच गाळतात. नाट्यसंस्था किंवा गिरिभ्रमण मंडळापेक्षा ढोल-ताशा पथकाची स्थिती वेगळी असते, कारण येथे वादक फुकट वाजवतो आणि त्याच्या वादनाबद्दल मंडळ पथकाला पैसे देते. अशा वादकाकडे वर वर्गणी मागितली, तर ‘कमावून मी देतो, आणि भरायचेही मीच?’ हा त्याचा प्रश्न रास्त ठरतो. त्याला उत्तर एकच आहे, ते म्हणजे जमाखर्चाचा कागद.

हिशेब निदान तीन हंगामांचा असावा. जमेच्या बाजूला प्रत्येक सुपारी स्वतंत्र ओळीत लिहावी: कोणते मंडळ, ठरलेली रक्कम किती, हाती आलेली किती आणि राहिलेली किती. ठरलेली आणि मिळालेली रक्कम यांत अनेकदा मोठी तफावत असते. ही तफावत वादकांना कधी कळवलेलीच नसते, आणि मग आकडा कानोकानी फुगत जातो. देणग्या वेगळ्या दाखवाव्यात. एखाद्या मिरवणुकीत सुपारी न घेता, नात्यापोटी किंवा गावासाठी वाजवले असेल तर तीही ओळ लिहावी आणि समोर शून्य मांडावे.

खर्चाचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात वादक कितीही असले तरी होणारा खर्च येतो: वाद्ये ठेवण्याच्या खोलीचे भाडे, सरावाच्या जागेचा मांडव आणि दिवे, वाद्यांची दुरुस्ती, ढोलाची नवी पाने (ज्यांवर वाजवतात ते पडदे) आणि दोर, टेम्पो, प्रथमोपचाराचे साहित्य, लेखापरीक्षकाचे शुल्क. दुसऱ्या भागात माणशी होणारा खर्च येतो: गणवेश, ओळखपत्र, मिरवणुकीच्या दिवशीचे जेवण आणि पाणी. गणवेशाचे पैसे वर्गणीत मिसळू नयेत. ज्याच्याकडे मागच्या वर्षीचा कुर्ता चांगल्या स्थितीत आहे, त्याला तो पुन्हा विकत घ्यायला लावणे ही वर्गणीविषयी चीड निर्माण करण्याची हमखास युक्ती आहे.

हिशेबात न सापडणारी रक्कम निघाली, तर ती लपवू नये आणि ‘इतर खर्च’ या ओळीत ढकलूही नये. ‘पावती उपलब्ध नाही’ अशी स्वतंत्र ओळ लिहून रक्कम दाखवावी. वादक अशी ओळ पाहून नाराज होतील, पण ती नंतर दुसऱ्याच कोणी शोधून काढली तर होणारी नाराजी वेगळ्या जातीची असते.

सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेल्या पथकाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे हिशेब ठेवणे आणि त्याचे लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक आहेच. नोंदणी नसलेल्या पथकाने निदान दोन अशा वादकांकडून हिशेब तपासून घ्यावा जे पदाधिकारी नाहीत, आणि त्यांतील एक जण वर्गणीच्या विरोधातला असावा.

तपासणी: हिशेबाचा कागद दोन पानांत बसतो का आणि तो वाचून नवख्या वादकाला तुटीचा आकडा सापडतो का, हे पथकाबाहेरच्या एखाद्या माणसाला वाचायला देऊन पाहावे.

पायरी ३: रक्कम तुटीवरून काढा

‘शेजारचे पथक एवढे घेते’ हा रक्कम ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. रीत समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब घेऊ. समजा, कायमचा वार्षिक खर्च ३,६०,००० रुपये आहे आणि सुपारी व देणग्यांची तीन वर्षांची सरासरी जमा २,४०,००० रुपये आहे. तूट १,२०,००० रुपयांची झाली. वादक १५० आहेत, म्हणून माणशी ८०० रुपये असे उत्तर काढणे ही नेहमीची चूक आहे. सर्व १५० जण पूर्ण वर्गणी भरतील असे कधीच होत नाही. काहींना सवलत द्यावी लागेल, काही अर्ध्यात सोडतील. पूर्ण भरणारे १२० धरले तर ८०० रुपयांनी ९६,००० रुपयेच जमतात आणि २४,००० रुपयांची तूट राहते, जी मग ऐन हंगामात ‘थोडी जादा वर्गणी’ म्हणून मागितली जाते. भागाकार १२० नेच करावा. उत्तर १,००० रुपये येते.

सुपारीची सरासरी काढताना सावध राहावे. २०२० आणि २०२१ मध्ये मिरवणुका बंद होत्या. त्या वर्षी सुपारीचे उत्पन्न आटले, पण खोलीचे भाडे थांबले नाही. असे वर्ष पुन्हा आले तर वाद्ये विकावी लागू नयेत, यासाठी राखीव निधी हवा असेल तर तो हिशेबात वेगळ्या ओळीत दाखवावा आणि त्याची कमाल मर्यादाही लिहावी. मर्यादा नसलेल्या राखीव निधीविषयी संशय येतोच, आणि तो येणे योग्यही आहे.

पथक पहिल्यांदाच सक्ती करत असेल तर पहिल्या वर्षी रक्कम अपेक्षित तुटीपेक्षा थोडी कमी ठेवून उरलेले राखीवातून भागवणे शहाणपणाचे ठरते. एकदा ठरवलेली रक्कम वर्षाच्या मध्यात वाढवू नये.

वर्गणी, अनामत आणि देणगी ही तीन नावे तीन वेगळ्या पावतीपुस्तकांत ठेवावीत. वाद्य घरी नेण्यासाठी घेतलेली अनामत परत करायची असते, त्यामुळे ती उत्पन्न म्हणून दाखवू नये. सक्तीने घेतलेली वर्गणी ही देणगी होत नाही. देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, १९६१ च्या आयकर अधिनियमात ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी मान्यता पथकाकडे असली तरी वर्गणीच्या पावतीवर तसा उल्लेख करू नये. अनेक पथके वादकाला खूश करण्यासाठी हे करतात आणि वादकासह स्वतःही अडचणीत येतात.

जीएसटीबद्दल थोडक्यात. सेवांसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे आणि त्या उलाढालीत सुपारीही मोजली जाते. कला, संस्कृती, क्रीडा अशा उद्देशांसाठी काम करणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या संस्थांना त्यांच्या सभासदांकडून मिळणाऱ्या वर्गणीवर सभासदामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत सूट आहे. उलाढाल मर्यादेच्या जवळ जात असेल तर रक्कम पक्की करण्याआधी सनदी लेखापालाला विचारावे.

पायरी ४: सवलती आधी लिहा, माणसे नंतर पाहा

सवलतींचे नियम सभेआधी लिहिलेले असले पाहिजेत, म्हणजे ते कोणा एकाकडे पाहून बनवले आहेत असे म्हणता येत नाही. सवलत गरजेवर द्यावी. विद्यार्थ्यांसाठी कमी दर, एकाच घरातील दुसऱ्या वादकासाठी कमी दर, हप्त्यांची सोय, आणि अडचण असलेल्याला पूर्ण माफी, एवढे पुरते. माफीसाठी उत्पन्नाचा दाखला मागू नये. खजिनदार आणि आणखी एक विश्वासू व्यक्ती, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, यांच्याकडे तोंडी सांगितले की काम व्हावे, आणि ती नावे कार्यकारिणीलाही कळू नयेत. कार्यकारिणीला फक्त किती जणांना माफी दिली तो आकडा कळावा. याचा गैरफायदा काही जण घेतील, पण थोडे. तो तोटा सोसावा.

दोन सवलती मात्र टाळाव्यात. पहिली ज्येष्ठतेची. ‘पाच वर्षांपासूनच्या वादकांना वर्गणी नाही’ असा नियम जुन्यांना शांत करण्यासाठी केला जातो. त्याचा परिणाम असा होतो की सर्वांत कमी कमावणारे, नवे आणि तरुण वादक नोकरी करणाऱ्या जुन्या वादकांचा खर्च उचलू लागतात, आणि वर निर्णयही जुन्यांच्याच मताने झालेला असतो. दुसरी सवलत पदाधिकाऱ्यांची. पथकप्रमुखाने, ताशाप्रमुखाने आणि खजिनदाराने सर्वांत आधी आणि पूर्ण वर्गणी भरावी.

आता ‘श्रम हीच वर्गणी’ या म्हणण्याविषयी. ते भावनेच्या भरात केलेले विधान म्हणून उडवून लावू नये. रात्री अकरा वाजता टेम्पोतून चाळीस ढोल उतरवणारा, पान फुटल्यावर रात्रीत बदलून देणारा, नव्यांना तीन महिने हात शिकवणारा वादक पथकाला जे देतो, ते पैशांत मोजले तर वर्गणीच्या कितीतरी पट होईल. तरीही तासांच्या बदल्यात वर्गणी माफ करण्याची पद्धत सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा तासांचा भाव ठरला की जो काल न सांगता ढोल उचलत होता, तो उद्या नोंदवहीत तास लिहिले का ते विचारू लागतो. आणि ज्याने वर्गणी भरली तो म्हणतो की मी पैसे दिले, आता उचलणे माझ्याकडे नाही. श्रमांची कदर करायची असेल तर ती कामे सर्वांत वाटून करावी. टेम्पो भरण्याची पाळी प्रत्येकाला, वर्गणी भरलेल्यालाही, लावावी. जुन्यांची तक्रार अनेकदा पैशांहून या असमान वाटणीची असते.

इशारा: सवलत मागणाऱ्याला ‘मग यंदा ध्वजाकडे राहा’ किंवा ‘मागच्या रांगेत वाजव’ असे सुचवणेही सवलत काढून घेण्यासारखेच आहे.

पायरी ५: घटना उघडून वाचा

येथे संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, अभिप्रेत आहे. वर्गणीची रक्कम ठरवण्याचा अधिकार कार्यकारिणीला आहे की सर्वसाधारण सभेला, सभेची सूचना किती दिवस आधी द्यावी लागते, गणपूर्ती (सभेला निदान किती सभासद हजर हवेत) किती आणि नियम बदलण्यासाठी किती बहुमत लागते, ही चार उत्तरे घटनेतून शब्दशः उतरवून घ्यावीत. ‘आपल्याकडे असेच चालते’ हे उत्तर यांतील एकाही प्रश्नाला चालत नाही.

घटनेत वर्गणीचा उल्लेखच नसेल, किंवा अनेक वर्षांपूर्वी लिहिलेली ११ रुपयांसारखी रक्कम असेल, तर आधी घटनादुरुस्ती करावी लागेल. दुरुस्ती करताना रक्कम घटनेत लिहू नये. ‘वार्षिक वर्गणी सर्वसाधारण सभा ठरवील’ एवढेच लिहावे, नाहीतर दर बदलासाठी पुन्हा दुरुस्ती करावी लागते. न्यासाच्या नोंदवहीतील तपशिलांत बदल होत असेल तर १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. मुदतीची नोंद सभेच्या दिवशीच करून ठेवावी.

देय तारीख आणि वार्षिक सभेची तारीख एकमेकांसमोर ठेवून पाहावी. वर्गणी १ एप्रिलला देय असेल तर तीन महिन्यांहून अधिक थकबाकी जुलैमध्ये होते. मेमध्ये घेतलेल्या सभेत न भरलेला सभासदही मत देऊ शकतो. ऑगस्टमध्ये घेतलेल्या सभेत नाही. दोन्ही चालेल, पण कोणते निवडले ते सर्वांना आधीच माहीत असावे. थकबाकीदारांना मतापासून दूर ठेवण्यासाठी ऐनवेळी सभा पुढे ढकलली असे वाटले, तर त्या सभेच्या एकाही ठरावाला वजन राहत नाही.

नोंदणी नसलेल्या पथकाला हे अधिनियम लागू नसले, तरी लेखी नियम करून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. सक्तीची वर्गणी गोळा करणे सुरू करण्याआधी नोंदणी करून घेणे अधिक चांगले. सोसायटी नोंदणीसाठी निदान सात जण लागतात.

पायरी ६: आधी चर्चा, मग सभा

चर्चेची बैठक आणि निर्णयाची सभा वेगवेगळ्या दिवशी घ्यावी आणि मध्ये निदान तीन आठवडे ठेवावेत. चर्चेच्या बैठकीत मतदान घेऊ नये. हिशेबाचा कागद बैठकीच्या आठवडाभर आधी प्रत्येकाच्या हाती पडावा. बैठकीत प्रथम हिशेब, नंतर वर्गणीखेरीजचे पर्याय आणि शेवटी प्रस्तावित रक्कम, असा क्रम ठेवावा. पर्यायांवर मनापासून बोलावे: सुपारीचा दर वाढवता येईल का, वाद्यांची संख्या कमी करता येईल का, खोली दुसऱ्या पथकाबरोबर वाटून घेता येईल का. अशा बैठकीतून कधी कधी निम्मी तूट भरून निघते, आणि वर्गणी आपोआप खाली येते.

सभेच्या विषयपत्रिकेवर वर्गणीचा विषय रकमेसह स्पष्ट लिहिलेला असावा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शीर्षकाखाली वर्गणी मंजूर करून घेण्याची खोड काही पथकांना आहे. तसा ठराव नियमाने टिकणे अवघड असते, आणि टिकला तरी जे त्या वेळी घरी गेले होते त्यांच्या मनातून तो कधीच मंजूर होत नाही.

मतदान चिठ्ठीने घ्यावे. हात वर करून घेतलेल्या मतात ज्याने आपल्याला टिपरू (ढोल वाजवण्याची काठी) धरायला शिकवले, त्याच्या डोळ्यांसमोर विरोधात हात वर करणे विशीतल्या मुलाला जड जाते. व्हॉट्सॲपवरील मतचाचणी कल समजण्यासाठी ठीक आहे. ती सभेची जागा घेऊ शकत नाही, कारण गटात सभासद नसलेले वादक, सोडून गेलेले वादक आणि पालकही असतात.

इतिवृत्तात विरोधकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत नोंदवावे. ठराव निसटत्या बहुमताने मंजूर झाला, तर तो एका वर्षापुरता करून पुढच्या सभेत पुन्हा मांडण्याचे त्याच ठिकाणी ठरवावे.

तपासणी: सूचनेची तारीख, हजेरीच्या सह्या, गणपूर्ती, मतांचे आकडे, आणि ठराव मांडणाऱ्याचे व अनुमोदकाचे नाव, ही पाच नोंदी इतिवृत्तात आहेत का?

पायरी ७: वसुली

पैसे पथकाच्या बँक खात्यातच जमा व्हावेत. खजिनदाराच्या वैयक्तिक क्रमांकावर यूपीआयने पैसे घेणे सोयीचे वाटते, पण त्यातून प्रामाणिक माणूसही संशयाच्या फेऱ्यात येतो, कारण त्याच्या खात्यात किराणा, पगार आणि वर्गणी एकत्र मिसळते. नोंदणी नसलेल्या गटालाही ठराव, पॅन आणि पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे देऊन स्वतंत्र खाते उघडता येते. खाते दोन सह्यांचे ठेवावे.

प्रत्येक भरण्याला क्रमांक असलेली पावती द्यावी, रक्कम शंभर रुपयांचा हप्ता असला तरी. मुदत वाद्यपूजनाच्या, म्हणजे सराव सुरू करताना होणाऱ्या वाद्यांच्या पूजेच्या, निदान महिनाभर आधी संपावी, म्हणजे सरावाचा पहिला दिवस वसुलीचा दिवस होत नाही. एकदा सर्वांना आठवण द्यावी, त्यानंतरची प्रत्येक आठवण त्या व्यक्तीला एकट्याला द्यावी. न भरलेल्यांची नावे गटावर टाकणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारा उपाय आहे. त्या यादीत माफी मिळालेल्याचे नाव चुकून आले तर तो वादक पुन्हा पथकात दिसणार नाही.

परताव्याचा नियमही आधीच सांगावा. सराव सुरू होण्यापूर्वी सोडणाऱ्याला पूर्ण रक्कम, सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत सोडणाऱ्याला निम्मी आणि नंतर काही नाही, असा साधा नियम पुरेसा असतो.

पायरी ८: न भरणाऱ्याचे काय करावे

सक्ती म्हणजे न भरल्यास काहीतरी होणार, हे मान्य केलेच पाहिजे. नाहीतर भरणाऱ्यांची फसवणूक होते. परंतु परिणाम टप्प्याने यावा. मुदत संपल्यावर एकट्याला बोलावून कारण विचारावे. अडचण निघाली तर माफीची वाट दाखवावी. तत्त्वाचा विरोध असेल तर लेखी मागावा आणि सभेपुढे ठेवावा. दोन्ही नसेल तर सरावाला येता येईल पण मिरवणुकीच्या यादीत नाव नसेल, असे मुदतीची तारीख घालून लेखी कळवावे. मिरवणुकीच्या दिवशी, गणवेशात आलेल्या वादकाच्या कमरेचा ढोल वर्गणीसाठी सोडवून घेणे कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्या दिवसापर्यंत निर्णय झाला नसेल, तर चूक पदाधिकाऱ्यांची आहे आणि त्याला वाजवू द्यावे.

पायरी ९: एक गट बाहेर पडू लागला तर

सर्व नीट करूनही काही जण वेगळे पथक काढण्याचे ठरवतील. त्यांना अडवण्यात शक्ती घालवू नये, पण तीन गोष्टी लगेच कागदावर घ्याव्यात. पहिली, वाद्यांची यादी: प्रत्येक ढोल-ताशावर क्रमांक, कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणाच्या पैशांतून आला. नोंदणीकृत संस्थेची मालमत्ता संस्थेची असते. बाहेर पडणाऱ्याला तिच्यात वाटा मागता येत नाही. एखाद्याने स्वतःचा ताशा आणलेला असेल तर तो त्याचाच आहे, आणि तो न मागता परत द्यावा. दुसरी, अनामती आणि देय असलेले परतावे ठरल्या दिवशी चुकते करावेत. तिसरी, त्या हंगामाच्या घेतलेल्या सुपाऱ्या कोण पुऱ्या करणार, हे मंडळांना एकाच पत्राने, शक्य झाल्यास दोन्ही बाजूंच्या सह्यांनी, कळवावे. मंडळाला भांडणाचे कारण सांगण्याची गरज नसते.

पथकाचे नाव, ध्वज आणि समाजमाध्यमांवरील खाती कोणाच्या मोबाइल क्रमांकावर आहेत, हे फूट पडण्याआधीच तपासून ठेवलेले बरे. ढोल परत मिळतात. कोणाच्या तरी जुन्या क्रमांकावर उघडलेले खाते बहुधा मिळत नाही.

पायरी १०: पहिल्या हंगामानंतर

अनंत चतुर्दशीनंतर महिनाभरात वर्गणीपुरता वेगळा जमाखर्च वादकांपुढे ठेवावा: किती जमले, किती जणांना सवलत किंवा माफी दिली, कशावर खर्च झाला आणि किती उरले. शिल्लक राहिली तर ती पुढील वर्षाची वर्गणी कमी करण्यासाठी वापरावी की राखीव निधीत टाकावी, हे सभेने ठरवावे. सहलीला किंवा जेवणाला ती परस्पर वापरू नये. तूट आली तर ती कोणत्या ओळीत आली ते दाखवावे. विरोधात मत दिलेल्यांपैकी निदान एकाला पुढील वर्षाच्या हिशेब तपासणीत घ्यावे, आणि त्याने काढलेल्या त्रुटींची लेखी उत्तरे पुढच्या सूचनापत्रासोबतच पाठवावीत.